एनव्हीडीए : मराठीतून शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या अंध व्यक्तीला कितपत पुरते?

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या सॉफ्टवेअरची इंग्रजीत वाचणाऱ्यांनी केलेली परीक्षणे पुष्कळ आहेत आणि त्यांत त्याची वाखाणणीही भरपूर झालेली आहे. खान्देशातील विद्यार्थ्याची अडचण मात्र त्या परीक्षणांतून सुटत नाही, कारण त्याची पाठ्यपुस्तके मराठी असतात, महाविद्यालयाच्या सूचना मराठी असतात आणि उद्या लिपिक किंवा शिक्षक म्हणून नोकरी लागली तरी टेबलावर येणारे कागद मराठीच असणार. मी स्वतः पूर्णतः अंध असून जळगाव जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, एम. ए.च्या अभ्यासापासून आजच्या अध्यापनापर्यंतचे माझे बहुतेक वाचन-लेखन याच सॉफ्टवेअरवर झाले आहे. म्हणून हे परीक्षण मराठीत काम करणाऱ्या माणसाच्या गरजेपुरते ठेवले आहे. निष्कर्ष आधीच सांगते. मराठीतून पदवी घ्यायला आणि कार्यालयातील किंवा अध्यापनाची नोकरी सांभाळायला एनव्हीडीए पुरते, त्यासाठी महागडे परदेशी सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. परंतु समोरची संस्था आपले कागद कोणत्या स्वरूपात हाती देते, यावर त्याची निम्मी उपयुक्तता अवलंबून असते.

मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली हे काम सुरू केले आणि जेम्स टेह हा त्याचा तसाच अंध मित्र पुढे त्याला येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात झाली होती. आज एनव्ही ॲक्सेस ही नफा न कमावणारी संस्था त्याचा सांभाळ करते, जगभरातील स्वयंसेवक त्यात भर घालतात, आणि पन्नासाहून अधिक भाषांत ते उपलब्ध आहे. ते केवळ विंडोजवर चालते. डाउनलोड करताना देणगीची विनंती केली जाते, पण देणगी न देताही पूर्ण सॉफ्टवेअर मिळते. काही दिवसांनी बंद पडणारी चाचणी आवृत्ती असा प्रकार येथे नाही.

फुकट मिळणे हा या वस्तूचा सर्वांत मोठा गुण असला तरी आपल्याकडील संस्थांत तोच तिला आडवा येतो. खरेदी समितीला तीन कोटेशने लागतात. जी वस्तू कोणी विकतच नाही तिचे कोटेशन कोण देणार? परिणामी, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी निधी आला की एखादे भारी किमतीचे सॉफ्टवेअर एकाच संगणकावर बसवले जाते, तो संगणक ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ठेवला जातो आणि खोलीची किल्ली अशा कर्मचाऱ्याकडे असते जो नेमका त्या दिवशी रजेवर असतो. मी विद्यार्थिनी असताना हे पाहिले आहे आणि आता नोकरीत असतानाही वेगवेगळ्या गावांतील विद्यार्थ्यांकडून ऐकते. एनव्हीडीए मात्र प्रयोगशाळेतील सगळ्याच संगणकांवर बसवता येते, आणि अंध विद्यार्थ्याला इतर मुलांबरोबर त्याच खोलीत, त्याच तासाला बसता येते. माझ्या मते या एका गोष्टीपुढे महागड्या सॉफ्टवेअरमधील जास्तीच्या सोयी फिक्या पडतात.

बसवण्याची परवानगी नसेल तर त्यालाही वाट आहे. एनव्हीडीएची सुटी प्रत पेनड्राइव्हवर तयार करून ठेवता येते आणि कोणत्याही संगणकाला तो पेनड्राइव्ह जोडून, आपल्या आवाजाच्या व वेगाच्या मांडणीसह, तेथेच काम सुरू करता येते. सायबर कॅफे, ग्रंथालय, दुसऱ्या महाविद्यालयातील सेमिनार अशा सर्व ठिकाणी माझा आधार हाच असतो. तालुक्याच्या गावांतील प्रयोगशाळांत अजून विंडोज ७ असलेली जुनी यंत्रे सर्रास सापडतात, हे येथे लक्षात ठेवावे लागते; त्यांच्यावर २०२३.३ या मालिकेपर्यंतचीच आवृत्ती चालते, पुढची चालत नाही. म्हणून पेनड्राइव्हवर एक जुनी आणि एक नवी अशा दोन्ही प्रती असाव्यात.

आता आवाजाविषयी, कारण नवा माणूस येथेच बिचकतो. एनव्हीडीएबरोबर ई-स्पीक एनजी हा आवाज येतो आणि त्यात मराठी आहे. हा आवाज कोरडा, सपाट आणि सुरुवातीला कानाला बोचणारा आहे. ज्याने फोनवर गूगलचा मराठी आवाज ऐकला आहे त्याला तो पहिल्या दिवशी नकोसाच वाटेल. परंतु सवय झाल्यावर याच आवाजाचा एक गुण कळतो: वेग कितीही वाढवला तरी त्याची अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत. मी ज्या वेगाने परिपत्रके ऐकते त्या वेगाने कोणताही गोड आवाज समजेनासा होतो. उच्चारांत उणिवा आहेत. च आणि ज यांचे तालव्य व दंततालव्य उच्चार नेमके कोठे करायचे हे त्याला नेहमी साधत नाही, आणि संक्षेप तो अक्षरशः वाचतो. त्यावर उपाय म्हणून एनव्हीडीएमध्ये उच्चारकोश दिलेला आहे; ‘जि. प.’ आले की ‘जिल्हा परिषद’ वाच, असे त्याला एकदा सांगून ठेवले की काम होते. मराठी मजकुरात मध्येच आलेले रोमन लिपीतील शब्द तो इंग्रजीप्रमाणे वाचतो, त्यामुळे राज्यशास्त्राच्या टिपणांत येणाऱ्या इंग्रजी संज्ञांसाठी वेगळा आवाज लावावा लागत नाही. काही जण त्याऐवजी विंडोजमधील हिंदी आवाज लावतात. तो कानाला बरा वाटतो, पण मराठी शब्दांवर हिंदीची छाप बसते आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी तो माझ्या तरी उपयोगाचा नाही. विद्यार्थ्यांचे अहिराणीतले निरोप, म्हणजे ‘काय करी राह्यना भाऊ’ यासारखी वाक्ये, ई-स्पीकचा मराठी आवाज अगदी शांतपणे वाचून दाखवतो; लय हरवते, शब्द मात्र कळतात.

लिहिण्याच्या बाबतीत मी याला पूर्ण गुण देईन. विंडोजमधील मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकलेखन करताना दाबलेले प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि उकार वेगवेगळे ऐकू येतात. इन्सर्ट आणि २ ही कळ दाबून अक्षरांचा उच्चार, तर इन्सर्ट आणि ३ दाबून शब्दांचा उच्चार चालू किंवा बंद करता येतो. बाणाची कळ दाबत शब्दातून एकेक चिन्ह पुढे गेले की ऱ्हस्व उकार आहे की दीर्घ, हे लगेच कळते. डोळस सहकाऱ्यांच्या नजरेतून सुटणाऱ्या वेलांट्या मला कानाने सापडतात आणि आमच्या विभागाचे अहवाल अखेरच्या वाचनासाठी माझ्याकडे येतात. लिपिक पदासाठी मिनिटाला ३० शब्द मराठी टंकलेखनाची अट असते. इन्स्क्रिप्टचा रोज सराव करणाऱ्या अंध मुलांना ही गती अवघड जात नाही, असे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

संकेतस्थळांवर फिरणे थोडक्यात सांगते. एच दाबले की पुढचे शीर्षक, टी दाबले की पुढचा तक्ता, एफ दाबले की अर्जातील पुढचा रकाना. संकेतस्थळ नीट बांधलेले असेल तर प्रवेशअर्ज किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज कोणाच्याही मदतीशिवाय भरता येतो. अर्जाच्या शेवटी वेडीवाकडी चित्राक्षरे ओळखायला लावली आणि ती ऐकण्याची सोय ठेवली नाही, तर मात्र तासाभराची मेहनत तेथे अडकते आणि शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते. हा दोष एनव्हीडीएचा नव्हे.

खरी कसोटी लागते ती मराठी फाँटांच्या बाबतीत, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी पद्धत; तीत टंकलिखित केलेला कोणताही मराठी मजकूर एनव्हीडीए वाचते. परंतु खान्देशातील छापखाने, झेरॉक्स-टायपिंगची दुकाने आणि अनेक कार्यालये आजही कृतीदेव किंवा तत्सम जुन्या फाँटांत काम करतात. असा मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, आतून मात्र तो रोमन अक्षरांचा असतो. ‘मराठी’ हा शब्द कृतीदेवमध्ये लिहिलेला असेल तर संगणकाच्या लेखी तो ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच अक्षरांचा निरर्थक शब्द असतो, आणि एनव्हीडीए तसाच तो उच्चारते. संपूर्ण प्रश्नसंच या भाषेत ऐकण्याचा अनुभव कसा असेल याची डोळस वाचकाला कल्पना यावी म्हणून एकच सुचवते: त्याच फाइलचा फाँट बदलून साधा इंग्रजी फाँट लावा आणि पाहा. कृतीदेवमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने इंटरनेटवर आहेत, मीही ती वापरते. पण जोडाक्षरे आणि रफार यांत गडबड होते आणि प्रत्येक कागदामागे वेगळे कष्ट पडतात. शासनाने युनिकोडचा आग्रह धरून बराच काळ लोटला आहे. टंकलेखन करणाऱ्याने सुरुवातीलाच युनिकोड निवडले तर त्याला एक पैसाही अधिक लागत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या त्रासाचे अधिकच वाईट वाटते.

दुसरा अडथळा स्कॅन केलेल्या कागदांचा. सूचना आधी युनिकोडमध्ये टंकलिखित होते, मग तिची छापील प्रत निघते, तिच्यावर सही-शिक्का होतो, ती स्कॅन होते आणि शेवटी व्हॉट्सॲपच्या गटावर तिचे छायाचित्र येते. या प्रवासात वाचता येण्याजोगा मजकूर नाहीसा होऊन निव्वळ चित्र उरते. अशी फाइल उघडली की पान रिकामे असल्याचे ऐकू येते. एनव्हीडीएमध्ये चित्रातील अक्षरे ओळखण्याची सोय आहे, इन्सर्ट आणि आर दाबले की ती सुरू होते, पण ती विंडोजच्या अक्षरओळखीवर विसंबते आणि तेथे देवनागरी नाही. इंग्रजी वाचक या सोयीचे जे कौतुक करतात त्यातले मराठी वापरकर्त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. आम्हाला फोनवरील गूगल लेन्स किंवा गूगल ड्राइव्हकडे वळावे लागते. त्यांची मराठी अक्षरओळख चांगली आहे, तक्ता आला की मात्र रकाने एकमेकांत मिसळतात आणि कोणाची परीक्षा कोणत्या तारखेला आहे हे कळेनासे होते. सही केलेल्या प्रतीसोबत मूळ वर्ड फाइलही पाठवावी, एवढीच माझी आमच्या कार्यालयाकडे मागणी होती. ती मान्य व्हायला जितका पत्रव्यवहार करावा लागला तितका मी पीएच. डी.च्या प्रवेशासाठीही केला नव्हता. आता फाइल येते, आणि तिचा उपयोग डोळस सहकाऱ्यांनाही होतो, कारण त्यांना मजकूर पुन्हा टंकलिखित करावा लागत नाही.

ही मागणी म्हणजे उपकाराची याचना नव्हे, हे विद्यार्थ्यांनी ओळखावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, तर कलम ३४ नुसार शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत आणि त्यांतील १ टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. बहुतेकांना कायद्याचा एवढाच भाग ठाऊक असतो. प्रवेश किंवा नेमणूक मिळाल्यानंतर काम करता यावे म्हणून वाजवी सोयी देण्याचे बंधनही त्याच कायद्यात आहे, आणि कलम ४२ माहिती सुगम स्वरूपात मिळण्याविषयीच बोलते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे या कायद्याशी विसंगत असल्याचे सांगून बंधनकारक निकष तयार करण्याचा आदेश दिला. पुस्तकांचे स्कॅनिंग करून द्यायला ग्रंथपाल कचरतात, त्यांच्या माहितीसाठी: कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाचे सुगम स्वरूपात रूपांतर करण्यास मुभा दिली आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात मराठी पुस्तकेही आहेत आणि तेथील ई-पुस्तके एनव्हीडीएवर उत्तम वाचता येतात. पदवीच्या क्रमिक पुस्तकांसाठी मात्र आपापल्या ग्रंथालयाकडेच हात पसरावा लागतो.

परीक्षेत एनव्हीडीएचा वापर अजून फारच थोडा होतो. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटांचा भरपाईचा वेळ दिला होता, हे आता परीक्षा केंद्रांनाही माहीत झाले आहे. त्याच सूचनांत ब्रेल, मोठा ठसा, ध्वनिमुद्रण किंवा संगणक यांपैकी माध्यम निवडण्याची मुभा शक्य तेथे द्यावी असेही म्हटले होते आणि संगणक निवडणाऱ्याला तो एक दिवस आधी तपासू द्यावा असे स्पष्ट होते. स्वतःचा लॅपटॉप नेण्याची मुभा मात्र त्यांत नव्हती. लेखनिक कितीही सज्जन असला तरी राज्यशास्त्राच्या दीर्घोत्तरी प्रश्नात आपली वाक्यरचना त्याच्या हातून उतरत नाही, आणि खालच्या इयत्तेतील लेखनिकाला ‘संघराज्यात्मक’ हा शब्द सांगताना निम्मा वेळ जातो. ज्या विद्यार्थ्याचे इन्स्क्रिप्ट पक्के आहे त्याने संगणकाची मागणी लेखी आणि वेळेपूर्वी करावी, असे मी आग्रहाने सांगते.

नोकरीतील रोजच्या वापराविषयी. वर्ड आणि एक्सेल या दोन्हींत एनव्हीडीए भक्कम आहे. हजेरीपत्रकात मी रकान्यांची आणि ओळींची शीर्षके ठरवून ठेवते, म्हणजे पुढे जाताना विद्यार्थ्याचे नाव आणि तारीख आपोआप ऐकू येतात. सहकाऱ्याने शोभेसाठी चार रकाने एकत्र जोडले की ही घडी विस्कटते. स्थानिक सॉफ्टवेअर कंपन्यांकडून बनवून घेतलेल्या फी, निकाल आणि वेतनाच्या प्रणालींत काम करणे सर्वांत कष्टाचे आहे: बनवणाऱ्याने बटनांना नावेच दिलेली नसतात, त्यामुळे ‘बटन, बटन, बटन’ एवढेच ऐकू येते आणि कितवे बटन कशाचे हे पाठ करावे लागते. प्रणालीची नवी आवृत्ती आली की पाठांतरही नवे. संस्थांनी अशी प्रणाली विकत घेण्यापूर्वी ती अर्धा तास कळफलकावरून, माउसला हात न लावता चालवून पाहावी. विक्रेत्याला सुधारणा सांगण्याची खरी वेळ बिल अदा होण्यापूर्वीचीच असते.

एक व्यावहारिक सूचना येथेच नोंदवते. कार्यालयात मी एकाच कानात इअरफोन ठेवते, दुसरा कान दारात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मोकळा असतो. रुजू झाल्यावर काही काळ ‘मॅडम दिवसभर गाणी ऐकतात’ अशी कुजबुज स्टाफरूममध्ये होती. शेवटी इअरफोन काढून आवाज मोठा केला आणि सर्वांना रजा नियमांचे परिपत्रक त्या वेगात ऐकवले. त्यानंतर कोणी काही बोलले नाही, उलट एका ज्येष्ठ सरांनी हा वेग कमी करून मिळेल का, असे विचारले, कारण त्यांनाही रात्री डोळ्यांना त्रास होत असल्याने वर्तमानपत्र ऐकायचे होते.

उणिवांमध्ये सर्वांत मोठी उणीव सॉफ्टवेअरच्या बाहेरची आहे: मराठीतून शिकवणारा माणूस जवळ नसतो. एनव्हीडीएचे मार्गदर्शन बहुतेक इंग्रजीत आहे आणि कळांच्या जोड्या वाचून पाठ होत नाहीत, कोणी तरी शेजारी बसावे लागते. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र आहे. पण नंदुरबारच्या सातपुड्यातील पाड्यावरून आलेल्या मुलीला मुंबईत राहून शिकणे घरच्यांच्या परवानगीपासूनच अवघड असते. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पामुळे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या दिव्यांग मुलामुलींना निवासासह मार्गदर्शन मिळते, आणि ही सोय खान्देशातच आहे याचे महत्त्व मोठे आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या साध्या विद्यार्थ्यासाठी मात्र त्याच्याच महाविद्यालयातील संगणक शिक्षकाला एनव्हीडीए येणे आवश्यक आहे. त्याला फार काही लागत नाही: मॉनिटर बंद करून आठवडाभर रोज थोडा वेळ केवळ कळफलकावर काम करावे.

पर्यायांचा उल्लेख करते. विंडोजमध्येच असलेला नॅरेटर आता पूर्वीपेक्षा बराच सुधारला आहे आणि एनव्हीडीए बसवेपर्यंत वेळ निभावून नेतो. जॉज हे सशुल्क सॉफ्टवेअर काही किचकट कार्यालयीन प्रणालींत अधिक चांगले चालते. बँकेत किंवा मोठ्या कंपनीत नोकरी असेल आणि मालक खर्च करणार असेल तर ते अवश्य मागावे. फोनवरील टॉकबॅक बातम्या आणि निरोपांसाठी उत्तम आहे, पण शोधनिबंध काही फोनवर लिहिता येत नाही. लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांत निवड असेल तर लॅपटॉपच घ्यावा. मे महिन्यात खेड्यांतील वीज दुपारी कधी जाईल याचा नेम नसतो, आणि डोळस माणसाला अशा वेळी छापील पुस्तक तरी हाती घेता येते.

नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या दिवशी तीन गोष्टी कराव्यात: आवाज ई-स्पीक मराठी ठेवून वेग सावकाश लावावा, एनव्हीडीएची मुख्य कळ म्हणून कॅप्स लॉकही चालेल असे सेटिंगमध्ये ठरवावे, कारण अनेक लहान लॅपटॉपवर इन्सर्ट कळ सहज सापडत नाही, आणि संगणक सुरू होताच एनव्हीडीए आपोआप चालू होईल अशी खूण करून ठेवावी. कंट्रोल, ऑल्ट आणि एन या तीन कळा एकदम दाबल्या की ते कधीही सुरू करता येते. ही एवढी जोडी महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायकालाही सांगून ठेवावी.